दोन पायथ्यांच्या मधली पन्नास नंबर

आई दोन वर्षांपूर्वी गाव सोडून आमच्याकडे माणिकबागेत राहायला आली. लातूरकडचं गाव, तिथे ती एसटीने एकटी सगळीकडे फिरायची, पण पुण्यात आल्यापासून आम्ही नेऊ तेव्हाच बाहेर. आषाढीच्या आधी एके दिवशी म्हणाली, "विठ्ठलवाडीच्या देवळात जाऊन येते, बस जाते ना तिकडं? कुठं उतरायचं गं मी?" आणि मी म्हणाले, "अगं, राजाराम पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी."

कुठेतरी! अकरा वर्षं मी या सिंहगड रोडवर राहतेय, रोज स्कूटरने जाते-येते, आणि आईला एक स्टॉप धड सांगता येईना. स्कूटरवर असताना आपलं लक्ष सिग्नलवर आणि खड्ड्यांवर असतं, स्टॉप ही जागा आपल्यासाठी नसतेच, तिथे बस थांबते म्हणून आपण उजवीकडून पुढे निघतो एवढाच तिच्याशी संबंध. मला ते फार लागलं. म्हणलं आधी आपण बसने जाऊ, सगळा रूट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वही घेऊन, आणि आईला नीट लिहून देऊ.

रूट कुठला घ्यायचा यावर विचारच करायला लागला नाही, पन्नास नंबर. शनिवारवाडा ते सिंहगड पायथा. ट्रेकला जाणारी पोरं हिच्यातूनच जातात आणि गडाखालच्या गावातली माणसं हिच्यातूनच शहरात येतात. धायरी, खडकवासला या बाजूला जाणाऱ्या बाकीच्या बशी भरपूर आहेत, पण एवढ्या टोकापर्यंत जाणारी ही. जुनी माणसं हिला अजून पीएमटीच म्हणतात. पुण्याची पीएमटी आणि पिंपरीकडची पीसीएमटी या दोन शहर बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली २००७ मध्ये, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तोंडातलं नाव काही जात नाही. आणि माझं पुढचं सगळं लिहिणं त्या तोंडातल्या नावांबद्दलच आहे.

मी स्वारगेटला चढले, रविवार होता, सकाळचे साडेसहा. डावीकडे बायकांच्या सीटवर खिडकी मिळाली. कंडक्टर काकांना म्हणलं सिंहगड पायथा एक द्या, आणि काका, प्रत्येक स्टॉपचं नाव मला ऐकायचंय, तुम्ही ओरडाल ना? ते म्हणाले ताई इथं कोण ओरडतंय, रोजचीच माणसं आहेत, पण तुम्ही विचारा, मी सांगतो. आणि त्यांनी खरंच सांगितलं, शेवटपर्यंत, गर्दीत तिकिटं फाडता फाडता सुद्धा. म्हणजे आता फाडत नाहीत, मशिनमधून येतं, पण शब्द तोच राहिलाय.

सारसबागेचा चौक मागे पडला की सिंहगड रोड सुरू होतो आणि सुरुवातीलाच स्टॉप येतो, पर्वती पायथा. मी वहीत लिहिलं आणि मग थांबले. कारण माझ्या हातातल्या तिकिटावर शेवटचा स्टॉप होता सिंहगड पायथा. एका पायथ्यापाशी निघून दुसऱ्या पायथ्याला पोचणारी बस! इतकी वर्षं या रस्त्याला मी "ट्रॅफिकचा रस्ता" म्हणून ओळखत होते. दोन डोंगरांच्या मधली ही वाट आहे हे मला एका स्टॉपच्या नावाने सांगितलं.

पुढे दांडेकर पूल. हा पूल आंबिल ओढ्यावरचा. हल्ली ओढा दिसतो तो दोन भिंतींच्या मधे, वरून जाताना कळतही नाही. पण याच ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीखाली तळं केलं होतं, आज सारसबागेचा गणपती आहे ना, तो त्या तळ्यातल्या बेटावरचा. म्हणून तळ्यातला गणपती. तळं गेलं, नाव राहिलं. आणि २०१९ च्या २५ सप्टेंबरला रात्री याच ओढ्याला असा पूर आला की काठावरची घरं, गाड्या, माणसं वाहून गेली. त्या रात्री आम्ही झोपलो नव्हतो, फोनवर फोन चालले होते.

दांडेकर पुलावर एक आजोबा चढले, माझ्या शेजारी उभे राहिले, मी उठून जागा दिली तर नको म्हणाले, पुढच्यालाच उतरायचंय. वही बघून विचारलं काय लिहिताय, सांगितलं, तर म्हणाले, "मग लिहा, इथे मी नऊ वर्षांचा असताना पळालोय. पानशेत फुटलं तेव्हा. आईने हात धरला आणि पर्वतीवर चढलो, वरून खाली नुसतं पाणी." १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्याला येऊन तेही धरण फुटलं आणि दुपारपर्यंत नदीकाठचं पुणं पाण्यात. पुण्यातली त्या वयाची माणसं अजूनही काळ मोजताना "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असं म्हणतात. आजोबा पुढच्या स्टॉपला उतरले सुद्धा, त्यांना अजून विचारायचं होतं ते राहिलंच.

त्यांचा पुढचा स्टॉप म्हणजे पर्वतीचं जलकेंद्र, आपल्या नळाला येणारं पाणी शुद्ध होतं ती जागा. इथे मला या रूटची दुसरी गंमत कळली. खडकवासल्याचं पाणी उजव्या कालव्यातून या रस्त्याच्या बाजूबाजूनेच पुण्यात येतं, वडगाव, हिंगणे, पर्वती, स्वारगेट करत पुढे हडपसर, दौंड, इंदापूरपर्यंत शेतीला जातं. म्हणजे बस चाललीय पाण्याच्या बरोबर उलटी. पाणी खाली येतंय, आपण वर चाललोय. कालवा डावीकडे, घरांच्या मागे, उजवीकडे खाली मुठा नदी, आणि मधे आपला रस्ता. हे नकाशात कधीही बघता आलं असतं पण मला ते स्टॉप मोजताना कळलं. २०१८ मध्ये २७ सप्टेंबरला हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला होता, जनता वसाहतीतल्या लोकांच्या घरातलं सगळं धुऊन नेलं, सिंहगड रोडवर नदी झाली होती. तीन वेगवेगळी पाणी, धरणाचं, कालव्याचं आणि ओढ्याचं, एकाच पुलापाशी येऊन गेलीत. तिथे बस दीड मिनिट सिग्नलला थांबते.

मग पानमळा. मग गणेश मळा. ही नावं मी हजार वेळा ऐकलीत, रिक्षावाल्याला सांगितलीत. पण मळा म्हणजे मळा ना! पाण्याखालची शेती. पानमळा म्हणजे विड्याच्या पानांचा मळा, त्याला तर रोज पाणी लागतं, सावली लागते. नावावरून बघायचं तर आज जिथे सोसायट्यांचे पार्किंग आहेत तिथे नागवेली चढलेल्या असणार. पुढे माणिकबाग, म्हणजे माझं स्वतःचं घर आहे तो स्टॉप, त्यात बाग. अकरा वर्षं मी पत्ता लिहिताना "माणिकबाग" लिहितेय आणि बाग शब्द मला ऐकूच आला नव्हता. कंडक्टर काकांनी तो सावकाश उच्चारला, माणिक बाग, दोन शब्द, तेव्हा ऐकू आला.

पण मधलं राहिलं. पु. ल. देशपांडे उद्यान, जपानी धर्तीची बाग, ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेली, म्हणून बरेच लोक अजून ओकायामा म्हणतात आणि कंडक्टर "पुलं बाग" म्हणतात. मग राजाराम पूल, आणि मग विठ्ठलवाडी. आईचा स्टॉप! मी उठून उजवीकडच्या खिडकीतून वाकून बघत होते की आईला खूण काय सांगायची. कमान दिसते, आत रस्ता उतरतो नदीकडे, देऊळ मुठेच्या काठावर आहे, जुनं, शांत. आषाढीला पुण्यातली माणसं पहाटेपासून चालत येतात तिथे, ज्यांना पंढरपूरला जाता येत नाही त्यांचा विठोबा तो. आईला दरवर्षी गावाहून दिंडीबरोबर थोडं तरी चालायची सवय, त्यामुळे तिने हेच देऊळ का धरलंय हे मला कळत होतं, फक्त तिथपर्यंत तिला एकटीला पोचता यायला हवं होतं.

आता इथे उड्डाणपुलाचं सांगायला हवं, कारण स्टॉप शोधताना सगळ्यात जास्त घोळ त्यानेच झाला. आमच्या रस्त्यावर काही वर्षं पुलांचं काम चालू होतं. राजाराम पुलाच्या चौकातला पूल आधी झाला, मग विठ्ठलवाडी ते फनटाइम थिएटर हा मोठा पूल २०२५ च्या १ मे ला सुरू झाला. काम चालू असताना खांबांसाठी रस्ता खणला की स्टॉप शंभर पावलं पुढे, मग पुन्हा मागे. रोज जाणाऱ्या माणसांना ते पाठ असायचं, आज कुठे उभं राहायचं ते एकमेकांना सांगायचे, पण नव्या माणसाला काय कळणार. आणि आता पूल झालाय तर गाड्या वरून सुसाट जातात, मीही स्कूटरने जाते, वेळ वाचतो हे खरंच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वरून गेलं की हिंगणे नाही, आनंदनगर नाही, माणिकबाग नाही, काहीच लागत नाही. हे स्टॉप घेत जाणारी बस मात्र पुलाखालूनच जाते, ज्यांना उतरायचंय त्यांच्यासाठी. भाजीची पिशवी घेतलेल्या मावशी, दवाखान्यात निघालेले आजी-आजोबा, क्लासची पोरं. मला ती बस त्या दिवशी फार आपली वाटली.

माणिकबागेत बस थांबली तेव्हा समोर आमचा किराणावाला दुकान उघडत होता, त्याने मला बसमध्ये बघून हात केला, मी उतरले नाही म्हणून चकित झाला असेल.

मग वडगाव. वरून बायपास जातो, कात्रज-देहूरोड, मुंबई-बंगळूरच्या गाड्या धडधडत, आणि आपण त्याच्या खालून निघतो. इथपर्यंत नावं होती पूल, मळा, वाडी, बाग. इथून पुढे एकदम सुरू होतात फाटे. धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, पुढे डोणजे फाटा. हे वहीत एकाखाली एक लिहिलं आणि नुसतं बघत बसले. ज्यांचं लहानपण एसटीच्या गावात गेलंय त्यांना फाटा काय असतो ते सांगायला नको. फाटा म्हणजे गाव नव्हे. गावाकडे जायची वाट मोठ्या रस्त्यातून जिथे फुटते ती जागा, तिथे गाडी तुम्हाला सोडते आणि पुढे तुम्ही तुमचं चालायचं, डोक्यावर पोतं असो नाहीतर कडेवर पोर. फाट्यावर एक झाड, एक पानटपरी, एक चहाचं हॉटेल. आमच्या गावचा फाटा तीन किलोमीटरवर होता आणि बाबा कंदील घेऊन आणायला यायचे.

आणि आता बघा, धायरी गाव आत आहे, पण फाटा हाच केवढा मोठा झालाय, उड्डाणपूल, बँका, दवाखाने, मोबाइलची दुकानं. लोक म्हणतात "मी धायरी फाट्याला राहतो." फाट्याला कुणी राहतं का पूर्वी? राहायचं गावात, फाट्यावर फक्त उतरायचं. आता वाट जिथे फुटायची तिथेच वस्ती झाली आणि नाव मात्र वाटेचंच राहिलं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, म्हणजे कागदावर ते आता शहरच आहे, पण स्टॉपला विचारलं तर तो अजून फाटाच.

नांदेड फाट्याचं आईला नंतर वाचून दाखवलं तर ती एकदम म्हणाली, "इथनं नांदेडला रस्ता जातो?" तिला नांदेड म्हणजे गोदावरीचं, गुरुद्वाराचं नांदेड, तिचं माहेर त्याच बाजूचं. मी म्हणाले नाही आई, हे इथलं छोटं नांदेड आहे, मुठेकाठचं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली बरंय, नाव तरी आहे.

किरकटवाडी फाट्यानंतर बस रिकामी होते आणि ट्रेकवाली पोरं आणि गावची माणसं एवढेच राहतात. कोल्हेवाडी झाली की खडकवासला गाव. इथे डावी-उजवीकडे बघण्यासारखं इतकं आहे की मी लिहायचं सोडून दिलं. पाण्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, १९१६ पासूनची, देशातल्या धरणांची आणि बंदरांची छोटी मॉडेल करून तिथे पाणी सोडून बघतात. आणि मग एकदम धरण. पहिल्यांदा खडकवासला धरण झालं ते १८७९ च्या सुमारास, इंग्रज इंजिनियर फाइफ याच्या नावाने तलावाला लेक फाइफ म्हणायचे, आणि विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसवले ते इथेच, १९०३ मध्ये. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजा आपला आपण उघडणार, पातळी उतरली की मिटणार. पलीकडच्या काठाला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी.

रविवारी अकरा-बारानंतर इथे चौपाटी होते, भाजलेली कणसं, कांदाभजी, गाड्यांची रांग, मग बसला या एका किलोमीटरला अर्धा तास लागू शकतो. म्हणून कुणी पन्नास नंबरने जाणार असाल तर सकाळची पकडा, हे मी हात जोडून सांगते. सकाळी साडेसातला तिथे फक्त पाणी होतं आणि धुकं, आणि बस धरणाच्या कडेने वळली तेव्हा सगळी बस एका बाजूला वाकून बघत होती, रोज येणारी माणसं सुद्धा.

खडकवासल्याला एक मावशी पाटी घेऊन चढल्या, पाटीत रिकामी मडकी, गडावर दही विकतात त्या. पाटी ठेवायला ट्रेकच्या पोरांनी सॅका उचलून जागा केली. मी विचारलं मावशी गोऱ्हे कधी येईल, तर म्हणाल्या "कुठलं? खुर्द का बुद्रुक?" मला तिथेही उत्तर देता आलं नाही. मग त्यांनीच समजावलं, आणि प्रत्येक स्टॉपला त्या नाव सांगत नव्हत्या, खूण सांगत होत्या. हे शाळेपाशी, हे वडापाशी, हे डेअरीपाशी. कंडक्टर काकांच्या तोंडी जे नाव होतं ते त्यांच्या तोंडी नव्हतंच. मी वहीत दोन रकाने केले, एकीकडे नाव, दुसरीकडे मावशींची खूण. आईसाठी दुसरा रकाना जास्त उपयोगाचा, हे मला तेव्हा कळलं, कारण आईही गावाकडे असंच सांगते, कुणाच्या घरापाशी, कुठल्या विहिरीपाशी.

डोणजे फाट्याला गडावर जाणारा गाडीरस्ता गोळेवाडीकडे जातो आणि आमची बस आतकरवाडीकडे. तिथे बस थांबते, इंजिन बंद होतं, आणि एकदम शांत. समोर सिंहगड, डोकं वर करून बघावा लागतो, वरचा टॉवर दिसतो. पोरं धावत सुटली. मावशींनी पाटी डोक्यावर घेतली आणि पायवाटेला लागल्या, रोजच्या रोज, तानाजींच्या गडावर, मडकी घेऊन. मी मात्र वर गेले नाही. मी चहा घेतला, वही पूर्ण केली आणि त्याच बसने परत निघाले, कारण मला उलटे स्टॉप बघायचे होते.

आणि ते बघितले म्हणून बरं झालं. कारण जातानाचा स्टॉप आणि येतानाचा स्टॉप समोरासमोर नसतात! माणिकबागेतून विठ्ठलवाडीला जाताना आई ज्या बाजूला उतरणार त्याच्या समोर परतीची बस थांबत नाही, थोडं चालावं लागतं, रस्ता ओलांडावा लागतो, आणि तो सिग्नललाच ओलांडायचा. हे मी तिला आधी सांगितलंच नसतं. ती उतरली त्याच्या समोर जाऊन उभी राहिली असती आणि बस पुढे जाऊन थांबताना बघत बसली असती.

घरी येऊन मोठ्या अक्षरात कागद लिहिला. जायचं: आपल्या गल्लीच्या तोंडाशी, स्वारगेटची कुठलीही बस, आनंदनगर, हिंगणे, मग विठ्ठलवाडी, तिकीट दहा रुपये (२०२५ च्या जूनमध्ये पाचाचं कमीत कमी तिकीट दहा झालं, तेही तिला माहीत असावं म्हणून लिहिलं, नाहीतर कंडक्टरशी वाद घालेल). यायचं: कमानीतून बाहेर, सिग्नल, मग डावीकडे. आईने वाचला, घडी केली, पिशवीत ठेवला, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मला घेऊन पायी गल्लीच्या तोंडाशी आली, बस कुठे थांबते ती जागा बघायला. तिथे एक कडुलिंब आहे. तिने कागद काढला, माझ्याकडून पेन घेतलं आणि "आपल्या गल्लीच्या तोंडाशी" खोडून "लिंबापाशी" लिहिलं.

आषाढीला पहाटे पाचला गेली, साडेआठला आली. येताना बसमध्ये तिला लातूरकडची एक बाई भेटली, धायरी फाट्याला मुलाकडे राहते, आता दोघी दर एकादशीला भेटणार आहेत, विठ्ठलवाडीच्या स्टॉपवर.

माझी वही अजून अर्धवट आहे. पानमळ्यात शेवटची पानं कधी खुडली, माणिकबाग कुणाची बाग होती, हे ज्यांच्या घरात कुणी सांगणारं असेल त्यांनी मला सांगा, मी दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवते.